‘अशी ही बनवाबनवी’: चार पोरं, एक घर आणि अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट

या भागाचा ऑडिओ ऐकायला वेळ मिळाला नसेल तर हरकत नाही, बोललो ते जवळपास सगळं खाली लिहिलंय. फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.

आज एका सिनेमाबद्दल बोलायचंय. तो तुम्ही पाहिलेला आहे. सलग पाहिला नसेल, तरी त्याचे तुकडे तुमच्या फॅमिली ग्रुपवर स्टिकर होऊन आलेत. लिंबू कलरची साडी, इस्तंबूलचं औषध, ते वारलेले सत्तर रुपये. बरोबर, ‘अशी ही बनवाबनवी’. २३ सप्टेंबर १९८८ ला आला. आपल्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधी.

त्यातल्या विनोदावर इतकं बोलून झालंय की मी वेगळं काय सांगणार? मला बोलायचंय त्यातल्या घराबद्दल. साड्या, विग, डोहाळजेवण हे सगळं थोडं बाजूला ठेवलं तर हा सिनेमा एका साध्या प्रश्नावर उभा आहे: पुण्यात चार तरुण पोरांना भाड्याने घर का मिळत नाही? शाळेत असताना टीव्हीवर हा सिनेमा मी किमान पंधरा वेळा पाहिला असेन, तेव्हा हा प्रश्न मला दिसायचं काही कारण नव्हतं. मला लक्ष्या दिसायचा. तोही गंमत म्हणजे तेव्हा या जगात नव्हता. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले, शंतनू झालेला सिद्धार्थ रे त्याच वर्षी मार्चमध्ये. मी मात्र त्यांना घरातल्या दोन काकांसारखं ओळखत होतो.

तो प्रश्न दिसला २०१९ मध्ये, हिंजवडीत नोकरी लागल्यावर. त्याकडे येतोच. आधी गोष्टीची जुळणी बघू, कारण ती भारी आहे.

धनंजय माने, म्हणजे अशोक सराफ, पुण्यात एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात कामाला. राहतो विश्वासराव सरपोतदारांकडे भाड्याने. त्याच्याकडे भाऊ शंतनू येतो, मग सुधीर येतो, मग परशा. एकाच्या जागेत चार जण. सरपोतदार घराबाहेर काढतात. नवं घर मिळतं ते लीलाबाई काळभोर यांच्या बंगल्यात, पण अट अशी की जागा फक्त लग्न झालेल्या जोडप्यांना. मग सुधीरची सुधा होते, परशाची पार्वती. इथून पुढे प्रत्येक खोटं निभवायला आणखी एक खोटं लागतं. बायको आहे म्हटल्यावर ती कधीतरी बाहेर दिसली पाहिजे. दिसली की शेजारपाजार आला. बायको आहे तर पाळणा कधी हलणार, हेही आलं. आणि बाहेर या चौघांची खरी प्रेमप्रकरणं चालू आहेत ती वेगळीच. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे बघून घाम फुटतो. एक चुकीची नोंद सिस्टिममध्ये गेली की ती सांभाळायला किती ठिकाणी पॅच मारावे लागतात, ते आम्ही रोज बघतो. वसंत सबनीसांनी लिहिलेल्या या सिनेमात असा एकही पॅच वाया जात नाही. प्रत्येकावर हशा वसूल केलेला आहे.

गोष्ट मुळात त्यांची नाही, हेही सांगून टाकतो. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६ चा. त्यातही घरासाठी मित्रांपैकी दोघं बायका होतात. पुढे इतर भाषांतही हे सूत्र फिरलं. २००९ मध्ये ‘पेइंग गेस्ट्स’ नावाचा हिंदी सिनेमा आला, त्यात मंडळी थायलंडमध्ये आहेत. माझं मत विचाराल तर तो बेचव झाला, कारण त्यात घराची निकड खरी वाटत नाही. ‘बनवाबनवी’त ती वाटते. पुण्यातल्या प्रेक्षकाला १९८८ मध्ये कुणी समजावून सांगायची गरज नव्हती की जागा मिळणं म्हणजे काय. (आणि पुरुषाने साडी नेसणं तर मराठी रंगभूमीला अजिबातच नवं नाही. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा. सुधा आणि पार्वती बरोबर शंभर वर्षांनी आल्या. असो.)

आता थोडा कायदा. पळवू नका, दोन मिनिटांचं काम आहे, आणि तुमच्या खिशाशी संबंध आहे.

१९४७ मध्ये मुंबई प्रांतात भाडेनियंत्रण कायदा आला. पुण्यालाही तो लागू होता. युद्ध संपलेलं, शहरांत लोंढे, जागांची टंचाई. घरमालकांनी मनाला येईल ते भाडं लावू नये म्हणून कायद्याने भाडं बांधून टाकलं. कुठल्या तारखेला? १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जागा ज्या भाड्याने दिलेली असेल, ते ‘प्रमाण भाडं’. शिवाय भाडेकरूला काढायचं तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं कोर्टात सिद्ध करायचं. भाडेकरूंसाठी हे फार मोठं संरक्षण होतं, त्याने लाखो कुटुंबं रस्त्यावर यायची वाचली. पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदती वाढत वाढत पन्नास वर्षं राहिला. पेठांमधल्या कुठल्याही जुन्या वाड्यात विचारा: आजोबांनी घेतलेली खोली, नातू राहतोय, भाडं असं की त्यात वर्षाचा चुनाही निघत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सोडत नाही.

मग मालकांनी वाट काढली. भाडेकरू नकोच, ‘लीव्ह अँड लायसन्स’ करू. म्हणजे घर भाड्याने दिलेलं नाही, फक्त राहायची परवानगी दिलीय. परवानगी संपली की बाहेर. छान चाललं होतं. तर १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानगीवर राहत होते, ते सगळे संरक्षित भाडेकरू समजायचे. एका फटक्यात!

त्या दिवशी तुम्ही घरमालक असता तर काय शिकला असता? मी तर हेच शिकलो असतो की एकदा माणूस आत आला की तो आपला राहिला नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती मला महत्त्वाची वाटते. भाडं वाढवून गिऱ्हाईक निवडता येत नाही. आत आलेल्याला बाहेर काढता येत नाही. मग मालकाच्या हातात काय उरलं? दार. म्हणजे दारातच नीट पारखून घेणं आणि ‘नाही’ म्हणणं. लग्न झालंय का? नोकरी कुठे? गाव कुठलं? आडनाव काय? मांस-मच्छी खाता का? सगळी चाळणी उंबऱ्यावर आली. सबनीसांच्या डोक्यात कायद्याची कलमं होती असं मी म्हणत नाही. पण लीलाबाईंची ‘फक्त जोडपी’ ही अट ज्या हवेत जन्मली, ती हवा ही होती. प्रेक्षक त्या अटीवर हसला नाही. अट त्याला माहीतच होती. तो हसला अट चुकवायच्या युक्तीवर.

आता २०१९ वर येतो.

आम्ही चौघं. बीटेकचे बॅचमेट, सगळ्यांना पुण्यात नोकरी. वाकड, पिंपळे सौदागर, बाणेर, जिथे जिथे टू बीएचके दिसला तिथे फोन. पहिला प्रश्न ठरलेला: “फॅमिली आहे का बॅचलर?” आणि बॅचलर म्हटलं की समोरचा आवाजच बदलायचा. काही सोसायट्यांत वॉचमननेच गेटवरून परत पाठवलं. एका एजंटने तर आम्हाला स्कीम सांगितली. तो म्हणाला, “असं करा ना सर, तुमच्यापैकी एकाच्या आई-वडिलांना पंधरा दिवस आणून ठेवा. ॲग्रीमेंट त्यांच्यासमोर करू. नंतर कोण बघतंय?” आम्ही चौघं एकमेकांकडे बघून जे हसलो! एकाने तिथेच धनंजय मानेंचा आवाज काढला. एजंटला काही कळेना.

आम्ही ती स्कीम केली नाही. फार तत्त्वाचे म्हणून नव्हे, कुणाच्याच आई-वडिलांना पंधरा दिवस रजा नव्हती.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. एका घरमालकांना बॅचलर चालत होते. बोलणं झालं, भाडं ठरलं, टोकन द्यायचं ठरलं. त्यांनी चौघांची आधार कार्डं व्हॉट्सॲपवर मागितली. आमच्यातला एक मित्र मुसलमान आहे. त्याने आधीच सांगितलं होतं, “माझं आधार शेवटी पाठवा.” आम्हाला वाटलं तो उगाच ताणतोय. तिन्ही पाठवली, मालकांचा अंगठा आला. चौथं पाठवलं. तासाभराने फोन: “अहो, आमच्या भाच्याचं अचानक येण्याचं ठरलंय. सॉरी हं.”

त्या रात्री आम्ही बसलो होतो एका मित्राच्या पीजीमध्ये, गादीवर. लॅपटॉपवर ‘बनवाबनवी’ लावला होता, असाच, मूड हलका करायला. पार्वतीची एन्ट्री झाली. तो मित्र हसत होता. आमच्यापेक्षा जास्तच हसत होता. आणि हसता हसता म्हणाला, “लक्ष्याला निदान साडी तरी नेसता आली. मी काय नेसू?”

मी तेव्हा काही बोललो नाही. कुणीच बोललं नाही. पण माझ्यासाठी हा सिनेमा तिथे बदलला. अजूनही मी त्यावर हसतो, तितकाच. फक्त आता लीलाबाईंची अट ऐकली की मला ते भाच्याचं येणं आठवतं.

तुम्ही म्हणाल, कायदा काय म्हणतो? सरळ उत्तर देतो. धर्म-जातीवरून भेदभाव करू नये हे संविधानाचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं. दुकानं, हॉटेलं, पाणवठे अशा सार्वजनिक जागाही त्यात आहेत. पण कुणी आपली खासगी खोली कुणाला द्यावी, तिथे ते पोचत नाही. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासद फक्त पारशीच असावेत हा संस्थेचा नियम मान्य केला होता. म्हणजे नेसायला साडी नाही आणि भांडायला कलमही फारसं नाही, अशी ती स्थिती.

आणि मला जे कळत नव्हतं, ते हे: १९४७ चा तो कायदा तर कधीच गेला! सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच म्हटलं होतं की १९४० च्या भाड्याला चिकटून बसणं काळानुसार मनमानी झालंय. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्यात राहिलं, पण नव्या लीव्ह अँड लायसन्सवर भाडं बाजारभावाने घ्यायला मोकळीक आहे. मुदत संपली आणि राहणारा हटला नाही, तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि जास्त राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाडं भरपाई म्हणून मागू शकतो. मालकाला आणखी काय हवं? माणूस आत आला की आपला राहत नाही, ही भीती कागदावर तरी संपली. वीस वर्षांहून जास्त झाली.

कारण गेलं, अट मात्र तशीच राहिली. आमच्याकडे जुन्या कोडमध्ये असं असतं. कुठलीतरी कंडिशन कुणीतरी कधीतरी घातलेली असते, घालणारा नोकरी सोडून गेला, कशासाठी घातली ते कुणाला माहीत नाही, पण काढायला कुणी धजत नाही. “असू दे, काही बिघडत नाही ना?” बिघडतं. फक्त ज्याचं बिघडतं तो गेटबाहेर असतो.

सगळं खापर कायद्यावर फोडूनही चालणार नाही. आडनाव विचारायची सवय १९४७ च्या कितीतरी आधीची. कायद्याने तिला एक बहाणा दिला आणि बहाणा गेल्यावरही ती टिकली, एवढंच मी म्हणतो. आणि घरमालकांची बाजू नाहीच असंही नाही. रात्री दोनला स्पीकर लावणारी पोरं मीही पाहिलीत, भिंतीपलीकडे राहून. सरपोतदारांचा वैताग खोटा नव्हता. पण गोंधळ घातल्यावर काढणं वेगळं आणि घालाल म्हणून न घेणं वेगळं.

सिनेमाचा दुसरा परिणाम मला जास्त अनपेक्षित होता, तो घरी झाला. आमचं घर मिरजेला. वरची खोली रिकामी झाली तेव्हा बाबांनी बोर्ड करायला दिला: ‘खोली भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिली.’ मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, खोली शोधत फिरणारे निम्मे लोक नर्सिंगचे किंवा मेडिकलचे. मी फोनवर म्हटलं, “बाबा, तुमचा मुलगा पुण्यात याच बोर्डामुळे तीन महिने भटकला.” ते म्हणाले, “ते वेगळं. इथे आजूबाजूचे काय म्हणतील?” मग मी कलम २४ सांगितलं, ॲग्रीमेंट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कायदा ठीक आहे रे.” म्हणजे नाहीच.

मध्ये आई बोलली. तिला हा सिनेमा माझ्याइतकाच पाठ आहे. म्हणाली, “त्या लीलाबाईंना काय भाड्याची गरज होती? वाड्यासारखा बंगला, आणि घरात माणूस नाही. पोरं नाटकं करत होती तरी तिचं घर भरलं होतं ना!” मला हे कधी सुचलं नव्हतं. मी लीलाबाईंकडे इतकी वर्षं फक्त फसवली जाणारी बाई म्हणून बघत होतो. पण बघा, डोहाळजेवणाचा घाट हौसेने घातला जातो. खोट्या पोटासाठी खरं कौतुक होतं. प्रेक्षागृहात आपण हसतो, पण पडद्यावर एक म्हातारी खरोखर खूश असते. तिच्या अटीने तिला चार खोटारडे मिळवून दिले. अट नसती तर तीच चार पोरं तिला खरी मिळाली असती, आणि तिने त्यांना बहुधा तितकंच जेवू घातलं असतं.

बोर्डावरचं ‘फक्त फॅमिली’ आईने पांढऱ्या रंगाने बुजवलं. अजून उन्हात पुसट दिसतं. खोलीत दोन नर्स राहतात, नाइट करून सकाळी सातला येतात. शेजारच्या काकूंनी पहिला महिनाभर गॅलरीतून हिशेब ठेवला, नंतर बीपी मोजून घ्यायला यायला लागल्या.

आणि आम्हा चौघांना घर मिळालं, थेरगावात. एसटीतून रिटायर झालेले गृहस्थ होते. त्यांनी चारही आधार कार्डं हातात घेतली, चष्मा वर करून बघितली, आणि विचारलं ते इतकंच: “नळाला पाणी सकाळी सातपर्यंतच असतं. उठाल ना?”

आता कामाचं. अकरा महिन्यांचाच करार का, हे बरेच जण विचारतात. केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. ते टाळायला अकरा महिन्यांची प्रथा पडली. पण आपल्या महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि अटींवरून वाद झाला तर तुम्ही जे सांगाल ते खरं धरलं जाईल, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे ‘नोटरी करून टाकू, स्वस्त पडतं’ असं कुणी म्हटलं तर गोड हसायचं आणि रजिस्टरच करायचं म्हणायचं. आता ते ऑनलाइन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो.

सोसायटीचा मुद्दा: फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. सेक्रेटरी ‘बॅचलर असतील तर डबल’ म्हणाले, तर मालकाला हे सांगा. ‘उपविधी दाखवा’ असं नम्रपणे म्हटलं की अर्धी प्रकरणं तिथेच थंड होतात, हा आमचा अनुभव.

डिपॉझिट परत मिळवण्याबद्दल बरेच मेसेज आलेत, तो पुढच्या भागाचा विषय. तोवर एक करा: घर बघताना एजंट किंवा मालकाने तुम्हाला काय सोंग घ्यायला सांगितलं, ते एक मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये पाठवा. नावं घेऊ नका, सोसायटीचंही नको. काहींनी पाठवायला सुरुवात केलीय. एका मुलीला सांगितलं होतं की रूममेटला चुलत बहीण म्हण, आणि दोघींची आडनावं, मातृभाषा, राज्यं सगळंच वेगळं. ती म्हणते, आम्ही दोघी आता खरंच एकमेकींना ताई म्हणतो.